दुकान वाढवलं

लग्न होऊन मी अणदूरला आले त्या पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांनी मला एका शब्दावरून झापलं. दिवस मावळत आला होता, मी दुकानात घोंगड्यांच्या घड्या घालत होते अन् सहज विचारून गेले, की मामा, दुकान बंद करायचं का. ते हातातलं काम टाकून माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, दुकान बंद करत नसतात, दुकान वाढवतात. पुन्हा तो शब्द ह्या उंबऱ्याच्या आत नको.

मला काकणाचं ठाऊक होतं. काकण फुटलं म्हणायचं नाही, वाढलं म्हणायचं. मंगळसूत्र तुटलं तरी वाढलंच म्हणायचं, अन् तांदूळ संपले की उदंड झाले म्हणायचं. एवढं आमच्या माहेरीही होतं. दुकानाचं मात्र ठाऊक नव्हतं, कारण माहेरी शेती होती, दुकान कुणी बघितलं होतं? पण त्या दिवशी कानाला खडा लावला. पुढं वीस वर्षं रोज संध्याकाळी कुलूप हातात घेऊन मी ‘वाढवलं’ म्हणत आले. सकाळी परत उघडायचं असतं म्हणून वाढवायचं, एवढा साधा त्याचा अर्थ.

मी दहावी पास आहे. लिहायला बसले की शाळेतलं मराठी येतं, रागावले की घरचं येतं. हे सगळं रागातच घडलंय, तेव्हा दोन्हीची सरमिसळ होईल, चालवून घ्या.

आमचं दुकान खंडोबाच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर. मालक, म्हणजे माझे यजमान, घरी मागावर घोंगडी विणतात अन् मी ती विकायची, अशी आमची वाटणी. लोकर आमच्याच भागातल्या मेंढ्यांची, काळी अन् राठ. चिंचोक्याची खळ दिलेली नवी घोंगडी इतकी ताठ असते, की भिंतीला टेकवून उभी करावी. अन् टोचते. टोचणारच की. ती काय गालाला लावायला असते का? मेंढरांमागं पावसात दिवसभर उभा राहणारा माणूस ती डोक्यावर घेतो अन् आत कोरडा राहतो. तिचं काम ते आहे, अन् ते काम ती चोख करते.

मग आपल्या देशाचा आणि दुसऱ्या एका देशाचा करार झाला. त्या देशाचं नाव मी लिहीत नाही, कारण त्या देशावर माझा राग नाही. पेपरात फोटो आला होता, दोन्हीकडची मोठी माणसं हातात हात घेऊन हसत होती. आपली औषधं, आपली द्राक्षं तिकडं जाणार अन् तिकडची लोकर जकातीशिवाय इकडं येणार, असं त्यात लिहिलं होतं. मित्रदेश, मित्रदेश म्हणून चार वेळा तरी लिहिलं होतं. आमच्या तालुक्यातल्या एका द्राक्षवाल्यानं पेढे वाटले, मीही खाल्ला. तिकडची लोकर आली की आपल्या लोकरीवर गदा येणार, हे पेढा खाताना काही माझ्या डोक्यात आलं नाही.

दोन यात्रा गेल्या अन् आमच्या शेजारच्या टपरीत त्या लोकरीच्या मऊ चादरी आल्या. लोणी हो नुसतं, खोटं कशाला बोलू. देवाला आलेला माणूस आधी माझ्या घोंगडीवर हात फिरवायचा, हात मागं घ्यायचा, टोचतंय म्हणायचा अन् शेजारी जायचा. मी किती जणांना सांगायची, की बाबा, ही टोचते म्हणूनच पाणी आत येत नाही? शहरातून गाडीनं आलेल्या माणसाला पावसात मेंढरं राखायची नसतात. त्याचंही चुकत नव्हतं. तिसऱ्या यात्रेनंतरच्या रविवारी मी उरलेल्या घोंगड्या घरी नेल्या, उंबऱ्यावर भंडारा वाहिला अन् कुलूप लावलं. तोंडानं ‘वाढवलं’ म्हणाले. डोळ्याला पाणी आलं, ते पदरानं पुसलं अन् घरी जाऊन भाकरी टाकायला बसले.

विणणं मात्र आम्ही सोडलं नव्हतं. मेंढपाळ घरी येऊन घोंगडी नेतच होते, तेवढ्यावर माग चालू होता. त्यातच सरकारनं एक चांगलं काम केलं, ते सांगितलंच पाहिजे. परदेशी मालामुळं ज्या कारागिरांचं नुकसान झालं त्यांच्यासाठी म्हणून गावात लोकर पिंजायचं यंत्र दिलं. शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते बसवलं. आधी हातानं लोकर पिंजताना बायांचे खांदे जायचे, आता पंधरा-सोळा जणी पाळीपाळीनं यंत्रावर यायच्या, लोकर पिंजून घरी न्यायच्या, सूत कातायच्या. ते यंत्र आहे तोवर गावात माग आहेत, एवढं सोपं गणित होतं.

तर त्या शेडमध्ये एक दिवस मित्रदेशाचं शिष्टमंडळ आलं. कराराचा खेड्यापाड्यात काय फायदा झाला ते बघायला. गाड्या, साहेब लोक, गळ्यात ओळखपत्रं. पाहुण्यांत एक बाई होती, माझ्याच वयाची, उन्हानं लाल झालेली. तिनं आमच्या लोकरीच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला अन् वास घेतला. तिच्या घरीही मेंढरं होती म्हणे, आजोबापासून. ती मला तिथंच आवडली. तिच्याबरोबर एक दुभाष्या होता, मुंबईचा, तरणाताठा, बोलायला एकदम नम्र. मराठी घरातलाच, पण शिकला होता सगळा इंग्रजीत.

बाईनं त्याच्या मार्फत मला विचारलं, करार झाल्यापासून तुमच्या धंद्यात काय बदल झाला? मी म्हणाले, करार झाला अन् तिसऱ्या वर्षी मी दुकान वाढवलं.

त्यानं तिला इंग्रजीत सांगितलं. तर तिचा चेहरा असा फुलला की काय सांगू. तिनं टाळ्या वाजवल्या, मागच्या साहेबांनीही वाजवल्या, अन् तिनं माझा हात दोन्ही हातांत धरून हलवला. मी चाट पडले. माझं दुकान गेलं अन् ह्या टाळ्या वाजवतात? मग वाटलं, त्यांच्याकडं धीर द्यायची तशी रीत असेल. आपल्याकडं पाठीवर हात ठेवतात, त्यांच्याकडं टाळी देत असतील. म्हणून मीही मान हलवली, हसले, अन् तेवढ्यात फोटो निघाला.

दोन महिन्यांनी ग्रामपंचायतीत छापील अहवाल आला. त्यात माझा तोच हसरा फोटो, अन् खाली लिहिलेलं, की मैत्री करारामुळं अणदूरच्या महिलेनं आपला व्यवसाय वाढवला. मी ते वाचलं, परत वाचलं, अन् मला त्या टाळ्यांचा अर्थ कळला. अंगाचा नुसता तिळपापड झाला. अहवालाला एक पत्रही जोडलेलं होतं. हे यंत्र अडचणीतल्या कारागिरांसाठी आहे, इथले कारागीर आता भरभराटीला आलेत, सबब यंत्र भूम तालुक्यात हलवावं. भूमच्या बायांशी माझं वैर नाही. त्यांना शंभर यंत्रं द्या. पण माझ्या खोट्या भरभराटीवर देऊ नका.

शेडमधल्या बायांनी मला फाडून खाल्लं. तुझ्या तोंडानं यंत्र चाललं, असं एकीनं सरळ म्हटलं. आता परत हातानं पिंजायचं का, माझ्या खांद्याला विचार आधी, असं दुसरी म्हणाली. शब्द माझाच होता. पण तो खोटा नव्हता, हे त्यांनाही ठाऊक होतं अन् मलाही.

दुसऱ्या दिवशी एसटीनं धाराशिवला गेले. कार्यालयात ज्यांच्याकडं फाईल होती ते भाऊसाहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी शांतपणानं ऐकून घेतलं, हसलेसुद्धा. मग एक नमुना काढून दिला, की ह्यावर सही करा, ‘माझ्याकडून चुकीची माहिती दिली गेली’, म्हणजे अहवाल दुरुस्त करता येईल. मी पेन हातात घेतलं होतं. पण मला सगळं वाचल्याशिवाय सही करायची सवय नाही, ही आमच्या गावची खोड आहे.

ती खोड कुठनं आली ते सांगते. आमचा खंडोबा अणदूर अन् नळदुर्ग अशा दोन गावांचा. वर्षातला बराच काळ देव आमच्याकडं, थोडा त्यांच्याकडं. देव हलायच्या वेळी दोन्ही गावची माणसं समोरासमोर बसतात, कागद होतो, कागद मोठ्यानं वाचतात, अन् मगच देव उठतो. करार म्हणजे काय ते आम्हाला कुणी शिकवायला नको. दोस्ती कितीही जुनी असो, वाचल्याबिगर सही नाही.

तर मी खालची बारीक अक्षरं वाचली. त्यात होतं, की चुकीची माहिती देणाऱ्यास अन् त्याच्या गावास ह्या योजनेचा लाभ देता येणार नाही. म्हणजे सही केली तर मी खोटारडी म्हणून यंत्र जाणार, नाही केली तर मी सुखी म्हणून यंत्र जाणार. मी भाऊसाहेबांना ती ओळ दाखवली. त्यांनी चष्मा लावून वाचली अन् मान खाजवली. नमुना हाच आहे म्हणाले, दुसरा नाही.

"मग मी सही करीत न्हाय," मी म्हणाले. "म्या चुकीचं बोलले न्हाय. म्या मराठीत बोलले."

घरी मालक माझ्यावरच उखडले. एका शब्दाचा किती ताठा, जाऊन ‘बंद केलं’ म्हणून सांग अन् मोकळी हो, असं त्यांचं म्हणणं. स्वतःच्या बापाचा शब्द, अन् हे मला सोड म्हणतात. मी त्यांना विचारलं, की आज मी चुकले म्हणून सही केली, तर उद्या ह्या गावातली कुठलीही बाई काही सांगायला गेली की तिला काय म्हणतील? अणदूरच्या बाया आधी एक बोलतात, मग दुसरं. त्यावर ते मागावर जाऊन बसले अन् जेवायची वेळ झाली तरी उठले नाहीत.

मग ते निमंत्रण आलं. धाराशिवला मैत्रीचा कार्यक्रम होता, तेच शिष्टमंडळ परत येणार होतं, अन् यशस्वी उद्योजिका म्हणून माझा सत्कार ठरला होता. यशस्वी. कार्यक्रमानंतरच्या सोमवारी यंत्र न्यायला गाडी येणार, हेही त्याच दिवशी कळलं. बाया म्हणाल्या, जाऊ नको, तोंड काळं करून घेशील. मी म्हणाले, तोंड काळं व्हायचं ते होऊ दे, पण तिथं माईक असतो.

सभागृहात मला पहिल्या रांगेत बसवलं. भाऊसाहेबांनी माझ्या हातात भाषणाचा कागद दिला, चार ओळींचा, आभाराचा. कार्यक्रमाच्या सुरुवातीला तिथल्या प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. सूत्रसंचालन करणाऱ्या बाई छान आवाजात म्हणाल्या, आता पाहुण्यांच्या शुभहस्ते नारळ वाढवण्यात येत आहे. लाल झालेल्या त्या पाहुणीच्या हातात नारळ दिला. तिला काही येईना. पहिला घाव चुकला, दुसरा चुकला, तिसऱ्याला नारळाचे खाडकन दोन तुकडे झाले अन् पाणी साहेबांच्या बुटावर उडालं. सगळे हसले. मी हसले नाही. मी ताटलीतल्या त्या दोन वाट्यांकडं बघत बसले होते. खंडोबानंच दाखवलं, दुसरं काय.

सत्काराला नाव पुकारलं. खांद्यावर शाल घातली, ती त्याच मऊ लोकरीची. मऊ होती, छान होती, मी ती काढली नाही. भाषणाचा कागद घडी करून पिशवीत टाकला, टेबलावरची ताटली उचलली अन् माईकपुढं उभी राहिले.

"साहेब, आत्ता तुमच्याच माईकवर सांगितलं, की पाहुण्याबाईनं नारळ वाढवला. ह्यो बघा वाढवलेला नारळ. ह्यो मोठा झालाय का फुटलाय? माझं दुकानबी आसंच वाढलंय."

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं, मग अर्धं सभागृह हसलं, अन् मग हळूहळू सगळे गप्प झाले. कारण तिथं बसलेल्या प्रत्येकाच्या घरात काकण वाढत होतं, नारळ वाढत होता. शब्द कुणाला कळला नाही असं नव्हतं. कागदावर गेल्यावर तो कुणी वाचला नव्हता, एवढंच. मी दुभाष्याकडं वळले. तो पांढराफटक पडला होता.

"हे बाईंना सांगा," मी त्याला म्हणाले. "जसंच्या तसं सांगा."

त्यानं सांगितलं. बराच वेळ लागला, कारण नारळापासून सांगावं लागलं, काकणापासून सांगावं लागलं. त्या बाईचं हसू उतरत गेलेलं मला दिसत होतं. तिनं ताटलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, अन् ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या ते आपले हात बघितले. मला तिची दया आली. पण मी ताटली खाली ठेवली नाही. दोस्ती करा, खुशाल करा, मला दोस्तीचं वावडं नाही. पण दोस्तीत कुणाचं काय गेलं ते ज्याचं गेलं त्याला सांगता आलं पाहिजे, अन् सांगितलेलं तसंच लिहिलं पाहिजे.

कार्यक्रम झाल्यावर ती स्वतःहून माझ्याकडं आली, दुभाष्याला घेऊन. तो आधी माझी माफी मागून मोकळा झाला. आमच्या घरी कधी दुकान नव्हतं हो काकू, असं म्हणाला. मला त्यावर रागावता येईना, मलाही सासऱ्यांनी शिकवेपर्यंत कुठं ठाऊक होतं? मग त्या बाईनं त्याला काहीतरी विचारायला लावलं. तो अडखळत म्हणाला, बाई विचारताहेत, की दुकान खरंच मोठं झालं तर मग तुम्ही काय म्हणता?

मी तिच्याकडंच बघून बोलले. "ते म्हणायची पाळी आली न्हाय आजून. आली की कळवते."

त्यानं सांगितलं. ती हसली नाही. तिनं माझा हात परत धरला, ह्या वेळी हलवला नाही, नुसता धरून ठेवला.

सोमवारी गाडी आली नाही. गुरुवारी भाऊसाहेब आले, दुरुस्त केलेला कागद घेऊन, अन् सही मागायला लागले. मी म्हणाले, इथं नाही, शेडमध्ये चला, अन् मोठ्यानं वाचा, आमच्या देवाचा कागद वाचतात तसा. यंत्र थांबवून सगळ्या बाया बसल्या. मालकही माग सोडून दारात येऊन उभे राहिले. भाऊसाहेबांनी घसा साफ करून वाचलं, की सदर महिलेने करारानंतर आपले दुकान बंद केले, सबब यंत्र अणदूर येथेच ठेवावे.

बायांनी मोठा श्वास सोडला. मी मात्र भाऊसाहेबांना थांबवलं. हा शब्द माझ्या तोंडचा नाही, तो काढा, असं म्हणाले. भाऊसाहेब कळवळून म्हणाले, अहो बाई, आता तर तुमच्या मनासारखं झालं, अर्थ बरोबर आहे. मी म्हणाले, अर्थ तुमचा खाली लिहा, शब्द माझा वर लिहा. अन् कुणी तरी दारातून म्हणालं, "लिहा साहेब, ती म्हणती तसं लिहा. शब्द आमच्या म्हाताऱ्याचा हाय." मालक होते ते.

भाऊसाहेबांनी ‘बंद केले’ खोडलं अन् हातानं ‘वाढवले’ लिहिलं, अन् खाली एका ओळीत त्याचा अर्थ लिहिला. मग मी सही केली, पूर्ण नावानिशी.

दुकान अजून उघडलेलं नाही. उगं गोड शेवट कशाला सांगू? मऊ चादरीची टपरी शेजारी तशीच चालते, करार तसाच आहे, अन् चावी माझ्या कमरेला आहे. पण यंत्र चालतं. संध्याकाळी लोकर उरकली की यंत्रावरची बाई मुद्दाम मोठ्यानं विचारते, मला चिडवायला, की काकू, यंत्र बंद करू का वाढवू?

वाढव, मी म्हणते. उद्या परत चालवायचंय.